आजीची फाईल

धुळ्याच्या मामांकडचा संगणक बऱ्याच वर्षांपासून लिनक्सवर चालतो. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच उद्योग मनापासून केला, आजीच्या जात्यावरच्या ओव्या आणि अहिराणी म्हणी टाइप करायचा. सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ यायची. 'माले', 'तुले', 'शे' हे शब्द त्या मराठी स्पेलचेकरला कुठून ठाऊक असणार? मग मामांनी मास्तरकी पुन्हा सुरू केली आणि संगणकाच्या शब्दकोशात एकेक शब्द घालत गेले.

आजी गेली. वर्षश्राद्धाला तिच्या ओव्यांची छोटी पुस्तिका छापून सगळ्या नातेवाइकांना द्यायचं ठरलं. सोमवारी छापखान्यात मजकूर द्यायचा होता आणि शुक्रवारी रात्री मामांचा फोन. "भाऊ, आजीनी फाईल उघडत नही रे."

संध्याकाळी सिस्टिमचे अपडेट झाले होते. त्यानंतर ऑफिसच्या प्रोग्रॅमवर टिचकी मारली की नावाची पाटी क्षणभर झळकायची आणि गुडूप! पेनड्राइव्हवरची प्रत उघडून पाहिली, तरी तेच. मामांच्या आवाजावरून कळत होतं, त्यांच्या लेखी आजी दुसऱ्यांदा गेली होती.

आता रात्री जळगावहून एरंडोल-पारोळा करत धुळं गाठण्यात अर्थ नव्हता. फोनवरच बसलो. म्हटलं, मामा, फाईल जागेवर आहे ना? आकार कालच्याइतकाच आहे ना? मग ती गेलेली नाही. फाईल वेगळी आणि ती उघडणारा प्रोग्रॅम वेगळा. कोठीची कडी अडकली म्हणून आतली दादर काही नाहीशी होत नाही.

पण घाबरलेल्या माणसाला उपमा पुरत नाही, दादर दाखवावी लागते. लिब्रे ऑफिसची ओडीटी फाईल म्हणजे खरं तर झिप केलेलं गाठोडं असतं. फाईलची एक प्रत काढायला लावली, नावाचं शेपूट बदलून झिप केलं आणि गाठोडं सोडलं. आत कंटेंट नावाची एक्सएमएल फाईल असते, ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. कंसांच्या जंगलात मामांना पहिली ओवी दिसली. त्यांनी ती मोठ्यानं वाचली, मग दुसरी.. मी मध्ये बोललो नाही.

पुढचं काम सोपं होतं. लिब्रे ऑफिसमध्ये २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून 'सेफ मोड' आहे. त्यात प्रोग्रॅम जुन्या सेटिंग बाजूला ठेवून सुरू होतो. मामांकडे तो तसा सुरू झाला! म्हणजे नवा प्रोग्रॅम धड होता, अडत होतं ते जुन्या सेटिंगपाशी. अपडेट प्रोग्रॅम बदलतं, पण आपल्या घरातल्या लपवलेल्या सेटिंगच्या फोल्डरला हात लावत नाही. त्या फोल्डरचं नाव अजूनही '४' आहे, २०१३ च्या चौथ्या आवृत्तीपासून चालत आलेलं. इतक्या वर्षांचा पसारा आत साठतो आणि कधीतरी नव्या सुनेशी त्याचं पटत नाही :)

तो फोल्डर पुसायचा नाही, फक्त नाव बदलायचं. प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की कोरा फोल्डर आपोआप तयार होतो. तसं केलं आणि आजीची फाईल उघडली. पण सगळ्या पानांवर लाल रेघा! मामांनी शिकवलेले शब्द जुन्या फोल्डरात, 'वर्डबुक' नावाच्या कप्प्यात राहिले होते. तिथली फाईल नव्या जागी आणली आणि रेघा गेल्या. फोल्डर पुसायचा नाही तो याचसाठी.

त्या रात्रीपासून एक विचार डोक्यात आहे. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि त्यांची गाणी १९५२ साली छापून आली, कारण सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावानं ती कागदावर उतरवून ठेवली होती. धुळ्यातच १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ जुनी कागदपत्रं सांभाळतंय. कागदाला वाळवी लागते, पण त्याला अपडेट लागत नाही. आपल्या फाईलींना वाळवी नाही, पण त्या वाचायला दरवेळी कुणीतरी मध्यस्थ हवा. म्हणून तो मध्यस्थ एकट्याच्या मालकीचा नसणं महत्त्वाचं. मामांची फाईल ज्या ओडीएफ पद्धतीची आहे, ती २००६ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. तिचे नियम कुणालाही वाचता येतात, म्हणून तर गाठोडं हातानं सोडता आलं. आणि मजकूर युनिकोडमध्ये होता म्हणून ओवी ओवीसारखी दिसली. जुन्या फाँटमध्ये असता, तर तिथे इंग्रजी अक्षरांचा काला दिसला असता.

तेव्हा मंडळी, तुमच्याकडे असं काही जपलेलं असेल, तर ओडीटीबरोबर एक पीडीएफ ठेवा, एक साधी टेक्स्ट फाईल ठेवा आणि एक प्रिंट काढून कपाटात ठेवा. मामांनी तिन्ही केलंय.

पुस्तिका वेळेवर छापून झाली. शेवटची दोन पानं मामांनी मुद्दाम कोरी ठेवली आहेत. आत्या, मावशी, तुम्हाला आजीची एखादी ओवी आठवत असेल तर ती तिथे लिहा आणि मामांना फोन करून सांगा. ते लगेच टाइप करतील.