अरफातच्या मैदानात मराठी

हजहून परतलेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. गर्दी किती होती आणि काबा पहिल्यांदा दिसला तेव्हा काय वाटले? दोन्हींची उत्तरे आम्हीही पुष्कळदा दिली. पण २०१० साली, साठी उलटल्यावर, आम्ही उभयतांनी केलेल्या त्या चाळीस दिवसांच्या सफरीतले जे मनात टिकून राहिले, ते या उत्तरांत कधी आलेच नाही.

आमच्या कोकणात हज ही उतारवयाची गोष्ट. मुलींची लग्ने, मुलांच्या नोकऱ्या, घराचे कर्ज हे सारे मार्गी लागले की मग अर्ज भरायचा. आमचे आजोबा बोटीने गेले होते. आधी मुंबईत साबू सिद्दिक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग मोगल लाइनची बोट आणि जेद्दापर्यंत चहूकडे पाणीच पाणी. परत येण्याची खात्री नसे, म्हणून निघताना घरोघर जाऊन 'कहासुना माफ' करून घ्यायचे. १९९५ नंतर हजच्या बोटी बंद झाल्या. आम्ही विमानाने काही तासांत जेद्दाला उतरलो. रीत मात्र आम्हीही पाळली.

माफी मागायला गेलो आणि घरोघरचे निरोप घेऊन आलो. "तिथं आमच्यासाठी दुआ करा." निरोप इतके झाले की लक्षात राहीनात. शेवटी शंभर पानी वही घेतली. कुणाच्या लेकीला मूल नव्हते, कुणाचा मुलगा आखातात नोकरी जाऊन अडकला होता. शेजारच्या कुणबी बाई म्हणाल्या, "तुमच्या देवाला सांगा, आमच्या म्हाताऱ्याचे पाय चालू देत." तेही लिहून घेतले. वही अर्थातच मराठीत. घरात कोकणी बोली, शाळेत मराठी. उर्दू आमच्यापर्यंत मकतबातून आणि जुम्म्याच्या बयानातून आली, तीही अर्धीमुर्धी.

मक्केत आमची खोली अझिझियात, हरमपासून दूर. वयाची जाणीव पहिल्या उमऱ्यालाच झाली. तवाफचे सात फेरे, मग सफा-मरवाच्या सात खेपा, म्हणजे सईचेच तीन कि.मी.हून अधिक चालणे. आमच्यापैकी एकाचे गुडघे दुखरे, दुसऱ्याची नजर अधू. त्यात आम्ही शाफई. आमच्या मसलकात नवरा-बायकोच्याही नुसत्या स्पर्शाने वुजू जातो आणि तवाफला वुजू हवाच. अशा गर्दीत बरेच शाफई लोक हनफी मताचा आधार घेतात. तशी मुभा आलिमांनी आम्हालाही सांगितली होती. तरी आम्ही एका जाड ओढणीचे एक टोक एकाने, दुसरे दुसऱ्याने धरले आणि फेरे घातले. चाळीस वर्षांच्या संसारात एकमेकांना इतके घट्ट कधी धरले नव्हते.

१५ नोव्हेंबरला अरफात. मीना-मुजदलिफा-अरफात रेल्वे त्याच वर्षी सुरू झाली होती, पण ती सौदी आणि आखाती देशांच्या लोकांसाठी. आम्ही बसने पोहोचलो. हजचा गाभा म्हणजे हा दिवस. दुपार कलल्यापासून सूर्यास्तापर्यंत तिथे थांबायचे आणि मागायचे. जोहर-असर झाल्या, तंबूत हुंदके सुरू झाले. बहुतेकांच्या हाती उर्दू-अरबी दुआंच्या पुस्तिका होत्या. आम्ही वही उघडली आणि हलक्या आवाजात एकेक नाव वाचू लागलो.

शेजारचे एक बुजुर्ग काही वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "ये कौन सी जबान है? यहाँ तो अरबी में माँगो, नहीं तो उर्दू में." आवाजात राग नव्हता, काळजी होती. आम्ही क्षणभर थबकलो. आयुष्यभर ऐकलेली शंकाच ती, तिथेही भेटली. मराठी बोलणारा मुसलमान थोडा कमी मुसलमान असतो की काय? गावात हा प्रश्न आला की आम्ही हसून टाळत असू. तिथे टाळता येईना, कारण वहीत साऱ्या गावाची अमानत होती.

नमाज अरबीत, तलबिया अरबीत, त्यात वाद नाही. पण नमाजेबाहेरची दुआ कुठल्याही भाषेत करता येते, हे आम्हाला मकतबातच शिकवले होते. आम्ही बुजुर्गांना नम्रपणे म्हणालो, "चाचा, माँगने वालों ने इसी जबान में माँगा है." ते काही बोलले नाहीत. पलीकडे बांगलादेशी हाजी बंगालीत रडत होते, कुठून तरी तुर्की ऐकू येत होती. थोड्या वेळाने चाचांनी आपल्या नातवाचे नाव सांगितले आणि म्हणाले, "इसका भी लिख लो." आम्ही मराठीत लिहून घेतले. सूर्य बुडण्याआधी वहीतले शेवटचे नाव वाचून झाले.

मग स्वतःसाठी मागायला बसलो, तर पाठ केलेले काही ओठांवर येईना. आले ते घरचे, साधे. एकाला आधी नेलेस तर मागे राहणाऱ्याला सांभाळ. हे आम्ही एकमेकांसमोर कधी बोललो नव्हतो. तिथे एकाने म्हटले आणि दुसऱ्याने आमीन म्हटले.

वहीतल्या किती दुआ कबूल झाल्या, त्याचा हिशेब आमच्याकडे नाही. त्यातली काही माणसे आता राहिली नाहीत. हल्ली गावातून कुणी हजला निघाले की आम्ही खजूर-जमजमची आठवण करत नाही. एक वही न्या, एवढेच सांगतो, आणि आपल्या भाषेत लिहा. ऐकणाऱ्याला सगळ्या भाषा येतात.