जमेची बाजू

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात. त्यातल्या एका रस्त्यावरच्या दुकानातून अण्णा दर दिवाळीला लाल कापडी पुठ्ठ्याची वही आणायचे. ते आडतीवर मुनीम होते. आडतीच्या वह्या शेटजींच्या कपाटात. ही अण्णांची स्वतःची. लक्ष्मीपूजनाला पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक निघायचं. ते ओलं असतानाच मी बोट फिरवायचो आणि धपाटा खायचो.

हिशेब त्यांनीच शिकवला. डावीकडं जमा, उजवीकडं नावे. ज्यानं आपल्याला दिलं, त्याच्या खात्यात जमा. आपण दिलं, ते त्याच्या नावे. आठवीतल्या मला हे उलटंच वाटे. पैसा आपल्या गल्ल्यात आला, मग जमा दुसऱ्याची कशी? अण्णा म्हणाले, "गल्ल्यात आला म्हणून आपला झाला व्हय?"

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून जिल्हा झोपला होता आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपानं किल्लारी, सास्तूर उद्ध्वस्त झाली. त्या आठवड्याचं पान माझ्याकडं आहे. त्यात रुपये नाहीत. 'जमा : शेजारच्या काकू, भाकरी ४०. जमा : ट्रकवाला, भाडे घेतले नाही. जमा : हमाल सहा, मजुरी सोडली.' अण्णा स्वतः तीन दिवस तिकडे पावसात पोती उतरवत होते. ते कुठंच लिहिलेलं नाही.

मी नोकरीला लागलो आणि डायरी लिहू लागलो. मुनिमाचा पोरगा, सवय जाणार कुठं! फरक एवढाच की माझी सगळी पानं उजवीकडची. कुणाचं काम मी केलं, कुणाला मी सांभाळून घेतलं, कोण विसरलं. मध्ये एकदा आमच्याकडं कृतज्ञतेवर प्रशिक्षण झालं. ज्यांचे आभार मानावेत अशी तीन नावं लिहा म्हणाले. चाळीस जणांनी आई, वडील आणि समोर बसलेले साहेब लिहिले. मीही.

मग २०१६ चा उन्हाळा आला. मांजरा धरण आटलं, शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. आमचा शिपाई दर दोन दिवसांनी तासभर उशिरा यायचा आणि मी सगळ्यांदेखत त्याला झापायचो. एके दुपारी वार्षिक मूल्यमापनाचा अर्ज भरत होतो. 'विशेष कामगिरी'च्या रकान्यात लिहिलं, 'तीव्र टंचाईतही कार्यालयाचे कामकाज एक दिवसही खंडित होऊ दिले नाही.' पूर्णविराम दिला आणि टेबलावरचा पेला उचलला. घोट घेताना मनात आलं, नळाला तर पंधरा दिवस पाणी नाही.

"हे पाणी कुठून येतं रे?"

"मीच आणतो की सायेब. सायकलीवर कॅन बांधून. टँकरची लाईन असती, म्हणून तर उशीर हुतो."

रकान्यात त्याचं नाव घातलं. वरून अर्ज परत आला, रकाना स्वतःच्या कामगिरीसाठी आहे म्हणून. मी तो कोराच पाठवला. त्या वर्षी शेरा साधारण मिळाला. माझ्या मते शेरा बरोबर होता. झापलं चारचौघांत, पण माफी मात्र मी केबिनमध्ये बोलावून मागितली, हे आजही सलतं.

१२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर, पाणी कृष्णेचं. अण्णा तेव्हा ऐंशीचे, हात थरथरायचा. म्हणाले, "वही घे. मिरजेचं खातं उघड."

"कुणाच्या नावानं?"

"नावं ठाव हायत का तुला? मग मिरज म्हणून लिही."

मी डावीकडं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

अण्णा २०१८ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच कृष्णेनं सांगली-मिरज बुडवली. लातुरातून निघालेल्या एका टेम्पोत मी दोन पोती ज्वारी टाकली आणि घरी येऊन मिरजेच्या खात्यात उजवीकडं नोंद केली. खातं अजून चालू आहे. जमा पाच लाख लिटर, नावे दोन पोती.