अन्नदात्रींचें स्मारक

गेल्या उन्हाळ्यांत मुलाकडे बर्मिंगहॅमला मुक्काम असतां आम्ही स्टॅफर्डशायर परगण्यांतील ऑलरवॉस या खेड्याजवळचें राष्ट्रीय स्मृतिवन पाहून आलों. राष्ट्रसेवेंत देह ठेवणार्‍यांच्या स्मरणार्थ येथें सहस्रावधि झाडें लावलीं आहेत. हिंडतां हिंडतां ब्राँझच्या दोन स्त्रीमूर्तींपुढें आमचे पाय थबकले. दोघींपैकीं एकही रणांगणावरची नव्हे! एक शेतांत राबणारी, दुसरी वनांत लांकूड तोडणारी. ‘विमेन्स लँड आर्मी’, म्हणजे स्त्रियांची भूमिसेना, हिचें हें स्मारक २०१४ सालीं झालें.

दुसर्‍या महायुद्धापूर्वीं इंग्लंड आपलें निम्म्याहून अधिक अन्न जहाजांनीं बाहेरून आणीत असे. युद्ध पेटल्यावर जर्मन पाणबुड्या जहाजें बुडवूं लागल्या, आणि शेतांवरचे तरुण गडी सैन्यांत जाऊं लागले. मग पिकवावें कोणी? ही अडचण ओळखून, १९१७ सालीं प्रथम उभारलेली ही सेना जून १९३९ मध्यें पुन्हा उभी करण्यांत आली. लेडी डेन्मन या तिच्या प्रमुख होत्या. दुकानांत माल विकणार्‍या, कचेरींत टंकलेखन करणार्‍या शहरी मुली खेडोपाडीं गेल्या. पहांटे उठून गाईंच्या धारा काढणें, नांगर धरणें, चिखलांतून बटाटे उपसणें, चर खणणें, उंदीर मारणें, सारें त्यांनीं केलें. १९४३ सालीं त्यांची संख्या ८० हजारांवर गेली. वेतन मात्र पुरुष गड्यांहून कमीच!

पुढें युद्धोत्तर लाभ ठरले, ते सैनिकांस व नागरी संरक्षणदलास. या मुलींस नाहींत. त्याच्या निषेधार्थ लेडी डेन्मन यांनीं फेब्रुवारी १९४५ मध्यें आपलें पद सोडलें. १९५० सालीं सेना विसर्जित झाली. हयात असलेल्यांस सरकारनें कृतज्ञतेचा बिल्ला दिला, तो २००८ सालीं! तोंवर त्या मुली ऐंशी वर्षांच्या आजी झाल्या होत्या. कित्येक तर निवर्तल्याहि असतील.

जेवणानंतर ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणण्याची आपली चाल. आम्हीं तें हजारों वेळां म्हटलें असेल; परंतु म्हणतांना डोळ्यांपुढें यजमान येई. शेतांत वांकलेली किंवा चुलीपुढें बसलेली बाई कधीं आली नाहीं.

त्या सायंकाळीं सूनबाई आमचें पान वाढून नेहमींप्रमाणें बाजूस उभ्या राहिल्या. आम्ही म्हणालों, “सूनबाई, तुमचेंहि पान मांडा, बरोबरच बसूं.” त्या क्षणभर पाहातच राहिल्या. घरीं चाळीस वर्षें संसार झाला, पण आमच्या कुटुंबास हे शब्द आम्हीं कधीं ऐकविले नव्हते.