कपिलची दोन घे, सचिन दे!

ऐंशी-नव्वदच्या दशकात मधल्या सुट्टीत हा सौदा झाला नाही, अशी शाळा सापडणं कठीण. बिग फन बबलगमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं, त्यावर छापलेल्या रन्स आणि विकेट्स, शिवाय ट्रम्प कार्ड्सचे घासून गुळगुळीत झालेले गठ्ठे. पुढे कुठल्या तरी दिवाळीच्या साफसफाईत हा खजिना रद्दीत गेला. आता खिशात पगार आहे आणि तीच कार्डं पुन्हा हवी आहेत. शोधायची कुठे?

अमेरिकेत यासाठी १९८० पासून ‘नॅशनल’ नावाचा मेळावा भरतो. तिकडे २०२२ मध्ये बेसबॉलपटू मिकी मँटलचं १९५२ चं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं! आपल्याकडे निव्वळ क्रिकेट कार्डांचं प्रदर्शन मला तरी अजून गाठता आलेलं नाही. त्यावर माझा जालीम उपाय : नाण्यांच्या आणि टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात घुसायचं. मुंबई कॉइन सोसायटीचं प्रदर्शन, पुण्याचं ‘कॉइनेक्स’, टपाल खात्याचं ‘महापेक्स’. मधले झगमगीत स्टॉल सोडा आणि कोपऱ्यातलं टेबल गाठा. काडेपेटीची लेबलं, जुनी पोस्टकार्डं यांच्या ढिगात आपला माल असतो. नशीब जोरावर असेल तर इंग्लंडच्या सिगारेटच्या पाकिटातून आलेलं, १९४० पूर्वीचं एखादं क्रिकेट कार्डही हाती लागतं.

आम्हा उरणकरांना पूर्वी अशा वारीसाठी मोऱ्याची लाँच आणि ओहोटीची वेळ सांभाळावी लागायची. जानेवारी २०२४ मध्ये लोकल उरणपर्यंत आली आणि शनिवार सुटसुटीत झाला.

प्रदर्शन चांगलं की नाही, हे कसं ओळखायचं? विक्रेता कार्ड हातात घेऊ देतो का, ते बघा. भिंग लावू देतो का, तेही बघा. जुन्या ऑफसेट छपाईत ठिपके शिस्तीत बसलेले दिसतात, घरच्या प्रिंटरवरच्या नकलेत ते विस्कटलेले असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिथे अदलाबदल चालते का? जिथे फक्त विक्री चालते, तिथून मी लवकर निघतो.

एकदा दादाचा अल्बम सोबत नेला होता. दादा जहाजावर असतो. फोनवर म्हणाला, “टाक विकून, धूळ खातोय नुसता.” एका विक्रेत्याने भाव बरा सांगितला, मग कार्डं उलटी केली आणि निम्म्यावर आला. मागे दादाने पेन्सिलीने लिहिलं होतं, कोणतं कार्ड कोणाकडून आणि कशाच्या बदल्यात घेतलं ते. पक्याकडून, दोन गोट्या. बाळूकडून, एक भोवरा. बाजाराच्या हिशेबात हा डाग. खरंच आहे, संग्राहकाला कोरी पाठ लागते.

पुढच्या टेबलावरच्या काकांनी मात्र तो मजकूर वाचला, पुन्हा वाचला आणि खुर्ची पुढे सरकवली. अर्धा तास आम्ही फक्त भोवऱ्यांवर बोललो. विकत घेतलं काहीच नाही, त्यांनीही आणि मीही. अल्बम घरी परत आला. दादाला कळवलं, “भाव पटला नाही.”

तेव्हा पुढच्या प्रदर्शनाला जाताना तुमची डबल कार्डं बरोबर न्या. आणि आधी आईला फोन करून विचारा, माळ्यावरचा पत्र्याचा डबा अजून आहे ना?