एका नावासाठी

फॉक्सप्रोच्या टेबलात फील्डचं नाव १० अक्षरांत बसवावं लागे. पतसंस्थेचं सॉफ्टवेअर लिहिताना आमच्या पिढीने ‘थकबाकी’ रोमन लिपीत लिहिली, ती ८ अक्षरांत मावली. ‘मुदत ठेव व्याज’ काही केल्या मावेना. मग स्वर गाळायचे, उरलेली अक्षरं बोटांवर मोजायची आणि शेजारच्याला विचारायचं, “यावरून तुला काय कळतं?” त्याला कळलं नाही, की पुन्हा मोजणी. ठरलेलं नाव दोनशे पानी वहीत जाई: डावीकडे संक्षेप, उजवीकडे अर्थ.

आज नाव हवं तेवढं लांब ठेवा, कुणी अडवत नाही. व्हीएस कोडमध्ये कर्सर नावावर ठेवून एफ२ दाबलं, की सगळ्या फाइलींत ते बदलतं. पायथॉनवाले २००१ च्या पेप ८ या शैलीच्या नियमावलीप्रमाणे शब्दांमध्ये अंडरस्कोर घालतात, तो स्नेक केस. जावास्क्रिप्टवाले शब्द जोडून पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करतात, तो कॅमल केस. सर्व्हर आणि ब्राउझर यांच्यामध्ये एक लहानसं फंक्शन बसवलं, की ज्याला त्याला आपापल्या रीतीची नावं मिळतात.

आमच्या वेळी नाव बदलायला टर्बो सीमध्ये कंट्रोल-क्यू आणि मग ए. जुना शब्द द्यायचा, नवा द्यायचा, आणि प्रत्येक जागी मशीन विचारणार: बदलू का? सरसकट ‘हो’ म्हणायची सोय होती, पण धीर होत नसे, कारण ‘काउंट’ बदलायला जावं तर तो ‘अकाउंट’च्या पोटातही सापडे. म्हणून एकेक ओळ वाचायची आणि वाय किंवा एन दाबायचं. त्या ओघात अख्खा प्रोग्राम पुन्हा वाचून होई, आणि भलतीकडेच लपलेली चूक हाती लागे.

तरी त्या काळाची आरती ओवाळवत नाही. २००० साल जवळ आलं तेव्हा पुण्या-मुंबईत कितीजण परदेशी कंपन्यांच्या कोबोल प्रोग्रामांतली दोन आकडी वर्षं शोधत बसले होते. कोबोल नावाला ३० अक्षरं देत होती, पण लिहिणाऱ्यांनी दोन-तीन अक्षरांत भागवलेलं. नावावरून शोधावं तर तारखेचा पत्ता नाही. मग किंमत कुठून कुठे गेली, ते ‘मूव्ह’ची एकेक आज्ञा वाचत तपासायचं. नाव ठेवणारा निवृत्त, त्याची वही बेपत्ता. फोर्ट्रानचं तर काय सांगावं: नाव ६ अक्षरांचं, आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर आय ते एनपैकी अक्षराने सुरू होणारं नाव पूर्णांकाचं. आम्ही ज्याला काटकसर म्हणत होतो, तिची किंमत मागाहून येणाऱ्याने मोजली.

२००४ मध्ये आलेल्या रेल्स या वेब फ्रेमवर्कने तर अनेकवचनही मशीनवर सोपवलं. ‘पर्सन’ नावाचा क्लास लिहा, ते ‘पीपल’ नावाचं टेबल शोधतं. पण आत डोकावलं की कुणीतरी हाताने केलेली यादी दिसते: ‘चाइल्ड’चं ‘चिल्ड्रन’, आणि ‘राइस’, ‘मनी’, ‘शीप’ यांना हात लावायचा नाही. आपला ‘सभासद’ त्या यादीत नाही, म्हणून त्याला एस चिकटतो. त्या यादीवर आमचा जीव आहे. ती करणाऱ्याला एकेका शब्दापाशी बसावंच लागलं असणार.

आता नाव बदलणं फुकट झालं, तसं त्याच्यासाठी खोळंबणंही गेलं. कोड एडिटर नाव सुचवतो, आपण टॅब दाबतो. नाव बहुतेकदा चांगलं असतं, आमच्या नावांपेक्षा तर नक्कीच. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीला आमची वही शोधावी लागत नाही, हे फार मोठं सुख आहे. पण ते नाव कुणाशी बोलून ठरलेलं नसतं, आणि आम्हाला हळहळ वाटते ती याची.

एका रीतीचं नाव दुसरीत नेणारं ते लहानसं फंक्शन मात्र अडतं आद्याक्षरांपाशी. ‘युजरआयडी’ हे कॅमल केसमधलं नाव, आयडीची दोन्ही अक्षरं मोठी. फंक्शन साधं असेल तर ते आय आणि डी यांच्यामध्येही अंडरस्कोर घालतो. मग टीममध्ये चर्चा रंगते: दोन्ही अक्षरं मोठी ठेवायची, की पहिलंच? आम्ही ती मुद्दाम लांबवतो. निर्णय झाला की नियम कोड तपासणाऱ्या लिंटरच्या फाइलीत जातो, आणि पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही.