गळा आणि फीत

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या तालुक्यांची हद्द बऱ्याच अंतरापर्यंत भीमा नदीच आखते, आणि तिच्या दोन्ही तीरांवर गाणे घरात, देवळात आणि वाटेवर वाढलेले आहे. जात्यावरची ओवी, सप्ताहातील भजन, यवत आणि वरवंड येथे मुक्कामाला येणाऱ्या तुकोबांच्या पालखीसोबतचे अभंग, चौफुल्याच्या कलाकेंद्रांतील संगीतबारी, ही त्याची काही रूपे होत. असे गाणे जसे गायले तसे घरी ठेवता यावे, ही सोय सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आणली ती सेलवर चालणाऱ्या, हातात धरून नेता येणाऱ्या कॅसेट टेपरेकॉर्डरने. हे यंत्र आठवण म्हणून कपाटात न ठेवता रोज वापरावे, असा या लेखाचा आग्रह आहे, आणि त्याचे कारण यंत्राच्या रचनेत जितके आहे तितकेच ओवीच्या स्वभावातही आहे.

फिलिप्स कंपनीने 1963 साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडलेल्या कॅसेटमध्ये सुमारे 3.8 मिलिमीटर रुंदीची प्लास्टिकची फीत असते, तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा लेप असतो, आणि ती सेकंदाला 4.76 सेंटीमीटर या गतीने हेडसमोरून सरकते. हेड म्हणजे एक लहान विद्युतचुंबक असून, आवाजाच्या चढउतारांप्रमाणे तो लेपातील कणांना चुंबकत्व देतो. या क्रियेला लोक ‘गाणी भरून घेणे’ म्हणतात, आणि तो शब्द नेमका आहे, कारण कणगी काय किंवा कॅसेट काय, भरायचे म्हटले की माप आलेच. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला 30 मिनिटेच मावतात. त्यामुळे कोण गाणार, किती गाणार आणि आधी कोणाचे ऐकायचे, हे बटण दाबण्यापूर्वी गाणाऱ्यांशी बसून ठरवावे लागते, आणि या बोलण्यातच भरणाऱ्याला गाण्याविषयीचे निम्मे समजते.

यंत्राचे दोष ओळखणे हा या कसबाचा गाभा आहे. फितीची गती कॅप्स्टन नावाचा बारीक फिरता दांडा आणि त्याला दाबून धरणारे रबरी चाक यांवर अवलंबून असते. सेल फार उतरले की दांडा मंदावतो, आणि मंद गतीने भरलेले गाणे नव्या सेलवर चढ्या पट्टीत वाजते. गतीत सुमारे 6 टक्क्यांचा फरक पडला तर पेटीवर पांढरी एक धरून गायलेले भजन काळी एकमध्ये ऐकू येते, म्हणून प्रत्येक बाजूच्या सुरुवातीला पेटीचा षड्ज काही क्षण भरून ठेवणे हितावह असते. बहुतेक साध्या यंत्रांत आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय असते. टाळांचा ठोका पडला की ती सगळाच आवाज खाली खेचते आणि गायकाचे शब्द मागे पडतात, तर शांततेत ती पातळी इतकी वाढवते की फितीची खरखर आणि मोटरचा गुणगुणाट वर येतो. यावर उपाय जागेचा आहे: यंत्र टाळकऱ्यांपासून दूर आणि गाणाऱ्याच्या जवळ, घोंगडीच्या घडीवर ठेवावे. जात्याशेजारी तर ही घडी अत्यावश्यक ठरते, कारण दगडाची घरघर जमिनीतून यंत्रात उतरते. मात्र ती घरघर पूर्णपणे काढू नये, कारण ओवीची लय त्या फिरण्यावरच बांधलेली असते.

या लयीचे महत्त्व जाणणारे मोठे काम पुण्यातून झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या, पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांपैकी काही ध्वनिमुद्रित झाल्या, आणि 2017 पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर हा संग्रह प्रसिद्ध होऊ लागला. शिरूर तालुक्यातील सविंदण्याच्या ओव्याही त्यात आहेत. ओवीच्या चालीला बायका ‘गळा’ म्हणतात. लिहिलेल्या ओवीत शब्द आणि अर्थ राहतात, पण गळा राहत नाही. श्वास कोठे घेतला, कोणता शब्द ओढून धरला, सोबतीणीने ओळ कोठे उचलली, हे कागदाला सांगता येत नाही.

येथेच रोजच्या वापराचा मुद्दा येतो. न वापरलेल्या टेपरेकॉर्डरमधील रबरी पट्टा सैल पडतो किंवा चिकट होतो, चाकाला दाबाचा खळगा पडतो आणि वंगण घट्ट होते; रोज थोडा वेळ फिरणारे यंत्र या दुखण्यांपासून बराच काळ दूर राहते, आणि बिघाड झालाच तर तो ऐकणाऱ्याच्या कानाला लवकर कळतो. त्याबरोबर हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसणे, कॅसेट ऊन, ओल आणि स्पीकरचे चुंबक यांपासून दूर ठेवणे, आणि मोलाच्या कॅसेटच्या मागच्या कडेवरील दोन बारीक पट्ट्या मोडून तिच्यावर चुकून दुसरे काही भरले जाणार नाही याची तजवीज करणे, ही कामे येतात. जतनासाठी संगणकीय प्रत अवश्य करावी. तीही घाईने होत नाही, कारण तासाभराची कॅसेट उतरवायला तासभरच लागतो, आणि तो वेळ लक्ष देऊन ऐकण्यात गेला तर सार्थकी लागतो.

ओवीदेखील रोजच्या वापरावरच जगली. पहाटेचे दळण रोज होते, म्हणून गळा रोज चालत असे. त्यासाठी कोणाला वेगळे शिकवावे लागत नव्हते, कारण आईशेजारी खुंटा धरणाऱ्या मुलीच्या कानावर तो आपोआप पडत असे. गावात पिठाची गिरणी आली, बायकांच्या हातांचे कष्ट वाचले, आणि ते वाचायलाच हवे होते. पण त्या कष्टांना चिकटलेला गाण्याचा नेम त्यांच्याबरोबर सुटला. घरातील टेपरेकॉर्डर तो नेम परत आणू शकत नाही. तथापि सकाळी चूल पेटताना कॅसेटची एक बाजू लावली, तर आजीचा गळा नातीच्या कानावर रोज पडतो, आणि एखाद्या ओळीला ती नकळत साथ करू लागते. भरलेली कॅसेट तेवढ्यासाठीच भरलेली असते.