किल्लारीनंतर

३० सप्टेंबर जवळ आला की मन किल्लारी-सास्तूरकडे ओढ घेतं. १९९३ साली आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी झालेली. गणपती बोळवून गावं दमून झोपलेली. पहाटे चारच्या आत भूकंपानं जमीन हादरली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदावरचा मातीचा भार यांखाली आठ हजारांच्या आसपास माणसं गेली.

मला जास्त आठवतात ती वाचलेली पोरं. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं बाराशे मुलं पुण्याला शिकायला नेली. केवढं मोठं काम! पण मायबापाविना एवढ्या लांब वाढताना शेत, भावकी, आजीची बोली किती सुटली असेल, याचा हिशेब कुठं मांडलेला नाही.

पुनर्वसनातली नवी गावं आखीव झाली. रस्ते रुंद, घरं सुटी सुटी. जुन्या गल्लीत भिंतीवरून वाटीभर पीठ मागता यायचं. तो शेजार तुटला, शेतंही लांब पडली. याची मला खरंच हळहळ वाटते.

आणि तरीही, घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बाया ‘संवाद सहायक’, म्हणजे गाव आणि सरकार यांच्यातला दुवा, झाल्या. डोक्यावरचा पदर सावरत त्या गवंड्याला सिमेंट-वाळूचं प्रमाण विचारू लागल्या, चारचौघांत बोलू लागल्या. पुनर्वसनातलं मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.